ताईच्या गाडीवरचे गंजाचे ठिपके

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत जानेवारीत जी सूचना लागली, ती मीच लिहिली होती. प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनाआधी फाटक दुरुस्त करून रंगवून घ्यायचं ठरलं होतं. 'वेल्डिंग व स्प्रेचे रंगकाम चालू असताना फाटकाजवळील वाहने हलवावीत अथवा झाकून ठेवावीत. नुकसान झाल्यास समिती जबाबदार राहणार नाही.' खाली चिटणीस म्हणून माझी सही. फाटकाला सगळ्यात जवळ उभी असलेली गाडी माझ्या ताईची होती.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सगळी नोकरी तिनं महापालिकेच्या दवाखान्यात नर्स म्हणून केली. निवृत्त झाल्यावर गाडी चालवायला शिकली आणि एक छोटी पांढरी गाडी घेतली. तिच्या बिबवेवाडीच्या इमारतीत चारचाकी ठेवायला जागा नाही, गाडी रस्त्यावरच असते. दिवाळीनंतर ती मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळूरला गेली तेव्हा गाडी आमच्याकडे ठेवून गेली. जाताना म्हणाली, "आठवड्यातून एकदा चालू कर. आणि कव्हर काढून सगळीकडून एकदा बघत जा."

"बघतो," मी म्हणालो.

गाडीचं कव्हर तिनं मापानं शिवून घेतलं होतं, आतून सुती अस्तर असलेलं. माझ्या गाडीचं कव्हर फाटलं होतं आणि माझी गाडी चारच महिन्यांची होती, गडद रंगाची. फाटकाचं काम सुरू व्हायच्या सकाळी मी खाली गेलो. ताईची गाडी मागच्या बाजूला नेऊन लावायची असा विचार होता, पण ती सुरूच होईना. पाच आठवडे मी तिला हात लावला नव्हता, बॅटरी उतरली होती. दोघांना हाक मारून ढकलता आली असती. मी काय केलं, तर तिचं कव्हर काढलं आणि माझ्या गाडीवर घातलं. ते आखूड पडत होतं, म्हणून पुढून ओढून मागे दोरीनं बांधलं.

बायको कचरा टाकायला खाली आली होती. "अहो, ते ताईंच्या गाडीचं आहे ना?"

"दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"मग त्यांच्या गाडीला ते दोन-तीन दिवस नाहीत का?"

ताईची गाडी जुनी आहे, पांढरी आहे, धुतली की झालं, असं काहीतरी माझ्या मनात होतं. तेही मी तेव्हा नीट मनात आणलं नव्हतं. दोरीची गाठ घट्ट केली आणि ऑफिसला गेलो.

तीन दिवस ग्राइंडर चालला, ठिणग्या उडाल्या, मग स्प्रेनं काळा रंग मारला. झेंडावंदन झालं. ताईची गाडी धुळकट दिसत होती, ती मी बादलीभर पाण्यानं पुसली आणि कव्हर परत तिच्यावर टाकलं. आठ-दहा दिवसांनी कव्हर उचललं तर पांढऱ्या रंगावर नारिंगी ठिपके उठले होते. टपावर, बॉनेटवर, फाटकाकडच्या दोन्ही दारांवर. ग्राइंडरमधून उडालेला लोखंडाचा कीस रंगात रुतला होता आणि दवाच्या ओलाव्यानं गंजला होता. त्यात स्प्रेच्या काळ्या तुषारांची भर. रवा सांडलेल्या ओट्यावरून हात फिरवावा तसं लागत होतं.

त्या संध्याकाळी ताईचा व्हिडिओ कॉल आला. बाळ दाखवून झालं. मग तिनं विचारलं, "गाडी कशी आहे रे? बघितलीस का?"

"बघितली. मस्त आहे."

बायको समोर भाजी निवडत होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत गवारीच्या शिरा काढायला लागली.

'बघितलं' हा शब्द माझ्या तोंडून फार सहज निघतो. बहुतेक वेळा त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. गॅस बघितला, दार बघितलं, बिल बघितलं. पण एकदा आई आमच्याकडे होती, तिच्या शेवटच्या हिवाळ्यात. ताईनं दवाखान्यातून ड्यूटीवरून मला फोन केला, "आईच्या पायावरची सूज आज बघितलीस का?" मी ऑफिसात होतो. सकाळी निघताना आई झोपलेली होती, मी तिच्या खोलीत डोकावलोही नव्हतो. "बघितली, कमी आहे," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी आईला श्वास घेता येईना आणि दवाखान्यात न्यावं लागलं. ती परत आली नाही. डॉक्टर म्हणाले की हृदयच थकलं होतं, एका दिवसानं फार फरक पडला नसता. 'फार' या शब्दावर मी इतकी वर्षं काढली आहेत. ताईला मी हे कधी सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये ताईनं कळवलं की ती पाडव्याच्या आधी परत येते आहे. माझ्या हातात बारा दिवस होते. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी माझ्या डोक्यात एवढंच होतं की ती यायच्या आत गाडी स्वच्छ करायची आणि गप्प बसायचं. सांगायचा विचार नंतर आला.

आमच्या वरच्या मजल्यावर एक तरुण राहतो, आयटीत आहे. गाड्यांचं त्याला वेड आहे. त्याला लिफ्टमध्ये गाठून विचारलं. तो म्हणाला, "काका, ते आयर्न आहे. नुसत्या वॉशनं नाही जाणार. क्ले करा, क्लेनं सगळं निघतं." एवढ्यात त्याचा मजला आला आणि तो गेला.

क्ले. आमच्या सोसायटीत दर वर्षी गणपती बनवायची कार्यशाळा होते. मुलं म्हणतात, 'क्लेचा गणपती करायचाय.' गेल्या वर्षीची उरलेली शाडू समितीच्या कपाटात पिशवीत पडून होती आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. मला वाटलं, घरातच आहे की. मुलतानी माती चेहऱ्यावरचा मळ काढते, तशी ही गाडीवरचा काढत असेल. रविवारी दुपारी मी शाडू भिजवली, मळली, तिचा चांगला लाडू केला आणि बॉनेटच्या मधोमध गोल गोल घासायला लागलो. जोर लावून. पाच मिनिटांनी पाणी ओतलं. ठिपके जिथल्या तिथे होते. त्यांच्याभोवती ताटाएवढा एक गोल मात्र काचपेपर मारल्यासारखा निस्तेज झाला होता. आपण काय केलं ते मला तेव्हा कळलं. हातातला लाडू हातात तसाच राहिला.

बायको गॅलरीतून बघत होती. "अहो, आरती कधी आहे?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर सदाशिव पेठेत गेलो. तिथे गाड्यांच्या सामानाचं एक अरुंद दुकान आहे. दोन माणसं आत आली तर तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. दुकानदार साठीचे, चष्मा कपाळावर.

"क्ले बार आहे का?"

"आहे. कशासाठी हवाय?"

मी फोनवरचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि फोटो मोठा करून पाहिला. "ठिपके कळले. हा गोल कशाचा?"

"शाडूचा."

"कसली शाडू?"

"गणपतीची. क्ले लावा असं सांगितलं होतं कुणीतरी."

त्यांनी फोन परत दिला. "मूर्ती झाली का?"

"नाही."

"मग विसर्जन तेवढं झालं म्हणायचं."

तसे ते वाईट नव्हते. थोडं थांबून म्हणाले, "आपण शांतपणे काम करणारे आहात की घाईचे?"

"घाईचा आहे."

"मग बार नको. बार म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून घेणारी चिकट वडी असते. ती हातातून सुटून खाली पडली की संपली. तिला खडे चिकटतात, फेकून द्यायची. माणसं फेकत नाहीत. झटकतात आणि परत गाडीवर लावतात. तुमच्याकडे बघून वाटतं, तुम्ही झटकाल." फळीवरून त्यांनी एक हातमोजा काढला. एका बाजूला मऊ कापड, दुसऱ्या बाजूला रबरासारखा करडा थर. "हा त्याच कामाचा. पडला तर धुवायचा आणि पुढे चालू. शॅम्पूचं पाणी भरपूर. अडखळला की दाबायचं नाही, पाणी वाढवायचं. आणि गोल नाही. सरळ, एका रेषेत."

मग त्यांनी एक बाटलीही काढून ठेवली. "आधी हे मारा. लोखंडाला लागलं की जांभळं होतं. घाबरू नका, लोखंड सुटत असतं. उन्हात मारायचं नाही, वाळू द्यायचं नाही, लगेच धुवायचं. जेवढं सुटणार नाही तेवढ्यालाच हातमोजा लावा. आणि साफ झालं का ते हातानं बघू नका. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घाला आणि मग फिरवा."

"आणि तो गोल?"

"तो यानं जाणार नाही. पॉलिशवाल्याकडे जा. थोडा राहीलही." पिशवी बांधता बांधता त्यांनी विचारलं, "गाडी कुणाची?"

"बहिणीची."

"सांगितलंय?"

मी पाकीट काढायला लागलो.

"त्याची बाटली येत नाही," ते म्हणाले.

लक्ष्मी रस्त्यावरून स्कूटर काढताना हे वाक्य डोक्यात होतं. घरी पोचेपर्यंत मी दोन गोष्टी ठरवल्या. गाडी पूर्ण साफ करायची. आणि तरीही सांगायचं. एक केलं म्हणून दुसऱ्यातून सूट नाही.

दुसऱ्या सकाळपासून सहाला खाली. पार्किंगमध्ये ऊन आठनंतर येतं. दोन बादल्या, एक शॅम्पूची, एक साध्या पाण्याची. रोज एकच भाग: पहिल्या दिवशी ड्रायव्हरचं दार, दुसऱ्या दिवशी मागचं. फवारा मारला की मिनिटभर काही होत नसे, मग प्रत्येक ठिपक्याभोवती जांभळा डाग फुटायचा आणि त्याचे ओघळ खाली यायचे. नासक्या अंड्यांचा वास यायचा. हा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो, असं बायकोनं मला सांगितलं. आम्ही दुसऱ्यावर राहतो.

ओघळ धुऊन टाकले की हातमोजा. सुरुवातीला तो दर बोटभर अंतरावर अडखळायचा. माझ्या हाताची सवय दाबायची. पाणी वाढवलं, हात हलका केला, की मोज्याखालची खरखर हळूहळू कमी व्हायची आणि एका क्षणी मोजा निसटल्यासारखा पुढे जायचा. काळे तुषार त्यातच निघून आले. तिसऱ्या दिवशी मोजा खाली पडला. मी तो उचलला आणि हात सवयीनं झटकायला वर गेला. थांबलो, नळाखाली धुतला, उलटसुलट करून पाहिला, मगच परत लावला.

दुकानदारांची पिशवीची गोष्ट खरी निघाली. उघड्या हाताला दार गुळगुळीत लागायचं. कोथिंबिरीची पातळ पिशवी हातावर चढवून तोच हात फिरवला की बारीक खडे टोचायचे. पहिल्या दाराला मी तीनदा 'झालं' म्हणालो आणि तीनदा पिशवीनं नाही म्हटलं. दुसऱ्या दारापासून म्हणायचंच सोडून दिलं.

एका सकाळी समितीतले एक सभासद फिरायला निघाले होते. गाडीपाशी थांबले. "चिटणीस, सूचना लावली होती फळ्यावर. वाचली नव्हती का?"

"लिहिली होती," मी म्हणालो. "वाचली नाही."

"छान," म्हणून ते गेले.

पाठ भरून यायची. सातव्या दिवशी टप झाला. स्टुलावर चढून, आडवं होऊन, मधल्या भागापर्यंत हात पुरत नव्हता तेव्हा मोजा झाडूच्या दांड्याला बांधला. आठव्या दिवशी बॉनेट, त्या गोलाच्या आजूबाजूनं. बॅटरी बदलून घेतली. गोल तेवढा राहिला. पॉलिशवाला माझ्या ओळखीचा आहे आणि एक दिवस हातात होता. गेलो नाही. गाडीवर दाखवण्यासारखं काही उरलं नाही तर मी बोलणार नाही, एवढं मी स्वतःला ओळखतो.

ताई सकाळच्या गाडीनं आली आणि स्टेशनवरून रिक्षानं थेट आमच्याकडे. चहा झाल्यावर सांगायचं असं मी ठरवलं होतं. ती दारातच म्हणाली, "चहा नंतर. आधी गाडी बघते."

खाली तिनं कव्हरच्या कडेला हात घातला, तेव्हा मी म्हणालो, "ताई, थांब. आधी ऐक."

सगळं सांगितलं. सूचना, बॅटरी, कव्हर कुणाच्या गाडीवर होतं ते, ठिपके, शाडू. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. मग कव्हर काढलं आणि दारावरून तळवा फिरवला.

"हे तर नीट आहे."

"ते केलंय. बॉनेटवर बघ."

तिनं पाहिलं. "शाडू," ती म्हणाली. हसते की काय असं वाटलं, पण हसली नाही. "आणि फोनवर?"

"खोटं बोललो."

"किती वेळा?"

"चार."

"पाच. बारशाच्या दिवशीही विचारलं होतं."

तिनं किल्लीसाठी हात पुढे केला. मी किल्ली दिली. वाटलं, आता वर येऊन चहा घेईल. ती गाडीत बसली आणि काच खाली केली. "बस. पुन्हा बंद पडली तर ढकलायला कुणीतरी हवं."

बायकोनं आणून दिलेली ताईची बॅग डिकीत टाकली आणि बसलो. ताई गाडी हळू चालवते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. राजाराम पुलावर गर्दी होती. गाडी पुलाच्या मधोमध थांबली तेव्हा मी म्हणालो, "अजून एक आहे. गाडीचं नाही."

आईच्या पायांचं सांगितलं. तिच्याकडे न बघता, समोरच्या बसच्या मागच्या काचेकडे बघत. सांगून झालं तेव्हा आम्ही पुलावरून उतरलो होतो. दांडेकर पुलाच्या सिग्नलला तिनं गाडी थांबवली.

"दुसऱ्या दिवशी आले तेव्हा पहिल्यांदा पायच दाबून पाहिले होते," ती म्हणाली. "बोट रुतत होतं. ती सूज एका रात्रीतली नव्हती. कळतं ते आम्हाला."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तू बाहेर बाकावर बसून रडत होतास." सिग्नल सुटला. गिअर टाकताना गाडीनं एक गचका दिला. "आणि फोनवर विचारून मीही मोकळी झालेच होते की. ड्यूटी बदलून येता आलं असतं. तुला विचारलं, तू हो म्हणालास, मला बरं वाटलं. ते माझं मी बघते." मग थोड्या वेळानं, "तेव्हापासून तू 'बघितलं' म्हणालास की मी परत बघते. गाडीचं तिथे बसून बघता येत नव्हतं, एवढंच."

तिला वाईट वाटेल, ती रागावेल, असं काय काय मी मनात धरून चाललो होतो. इतकी वर्षं माझ्या पाठोपाठ ती प्रत्येक गोष्ट पुन्हा तपासत आली आहे, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. आईचं वर्षश्राद्ध, माझ्या मुलीच्या ॲडमिशनचे कागद, घराच्या नोंदणीची तारीख. ती कशी नेमकी वेळेवर फोन करायची, ते आता एकेक आठवायला लागलं.

बिबवेवाडीत तिनं इमारतीसमोर गाडी लावली, दोनदा मागेपुढे करून सरळ केली. डिकीतून मी तिची बॅग काढून दिली.

"आता रिक्षानं जा," ती म्हणाली. "आणि तो गोल मी काढून घेणार नाहीये."

रिक्षात बसल्यावर मी ठरवलं की तिच्याकडे पुन्हा विश्वास मागायचा नाही. मागून मिळण्यासारखी गोष्टच नाही ती. आपण बघायचं आणि जे बघितलं तेवढंच बोलायचं. जे बघितलं नाही, ते नाही म्हणून सांगायचं. ऐकायला सोपं आहे. माझ्या तोंडाला ते अजून जड जातं. ऑफिसात, घरात, 'बघितलं' ओठांवर येतं आणि मी ते गिळतो. बायको म्हणते, हल्ली तुम्ही उत्तर द्यायच्या आधी फार विचार करता, ऐकणाऱ्याचा चहा गार होतो.

एप्रिलच्या शेवटी ताईला एका लग्नाला वाईला जायचं होतं, गाडी घेऊन. तिनं फोन केला, "रविवारी येऊन गाडीवर एक नजर टाकशील का?" मी गेलो. ती वर आवरत होती. मी चारही चाकांची हवा मोजली, तेल पाहिलं, पाणी पाहिलं, दिवे लावून पाहिले. ती खाली आली तेव्हा म्हणालो, "मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे. तेल, पाणी, दिवे नीट आहेत. ब्रेकचं मला कळत नाही, ते मेकॅनिकला दाखव. वायपर अजून बघितले नाहीत."

"बघ मग."

मी वायपर उचलून त्यावरून बोट फिरवलं. "उजव्याचं रबर फाटलंय. बदलायला हवं."

ताईनं पर्समधून चष्मा काढून लावला आणि वाकून पाहायला आली. मी वायपर तसाच वर धरून बाजूला सरकलो आणि तिला जागा करून दिली.